हार्टफर्डची दाढ

दाढ दुखू लागली की घरात प्रथम लवंगेच्या तेलाची बाटली शोधली जाते. तेलात भिजविलेला कापसाचा बोळा दाढेत दाबला म्हणजे घटकाभर बरे वाटते, रात्र कशीबशी निघते. आणि सकाळी पुन्हा तोच ठणका कानापर्यंत चढतो. असे आठ-पंधरा दिवस गेल्यावर गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते, आणि मग दाढ काढण्याचा विषय निघतो. तो निघाला की घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती हमखास बजावते, ‘खालची असेल तर काढ बाबा, वरची मात्र काढू नकोस, डोळा अधू होईल.’ शिकलीसवरलेली माणसे या इशाऱ्याला हसतात. परंतु खुर्चीत बसण्याची पाळी स्वतःवर आली म्हणजे दंतवैद्याला हळूच तोच प्रश्न विचारतात. कित्येक जण तर तो प्रश्न विचारण्यापुरतेही तेथपर्यंत जात नाहीत. ते गोळ्या गिळीत राहतात, आणि किडलेली दाढ आपले काम हाडात शिरून चालू ठेवते.

हे भय आजकालचे नाही. त्याचा दाखला सुश्रुतसंहितेत आहे, आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. संहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांच्या उपचारांचा एक अध्याय आहे. हिरडीत नाडीव्रण होऊन पू वाहू लागला असता ज्या दाताच्या मुळाशी तो व्रण असेल तो दात काढून टाकावा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्याची उपेक्षा केली तर व्रण जबड्याच्या हाडापर्यंत पोचतो, हेही सांगितले आहे. आजचा दंतवैद्य याहून निराळे काही सांगणार नाही. परंतु त्याच ठिकाणी एक अपवादही घातलेला आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, कारण अतिशय रक्तस्राव होतो, आणि त्यातून दारुण विकार उद्भवतात. मनुष्य एका डोळ्याने आंधळा होतो, किंवा त्याला अर्दित म्हणजे तोंड वाकडे करणारा वात होतो. घरातील वडीलधाऱ्या माणसाने सुश्रुत वाचलेला नसतो. तरी त्याच्या तोंडचा इशारा आणि ग्रंथातील हा निषेध यांतील साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

सुश्रुताला येथे अंधश्रद्ध ठरविणे हा उतावीळपणा होईल. वरच्या दाढांच्या मुळांपासून डोळ्याची खोबण फार दूर नाही. वरच्या जबड्यातील पू क्वचित चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांच्या वाटेने डोळ्यामागे आणि मेंदूच्या तळाशी पोचू शकतो, ही गोष्ट आजचे वैद्यकही मानते. अशा रोग्याचा दात काढला गेला आणि पुढे त्याचा डोळा गेला, तर पाहणाऱ्याने दोष कशाला द्यावा? अर्थात दात काढण्यालाच. वस्तुतः त्या रोग्याच्या डोळ्याचा शत्रू काढलेला दात नव्हे, तर फार दिवस न काढलेला दात असावा. दाताचे आणि डोळ्याचे मज्जातंतू वेगवेगळे आहेत. दृष्टीचा तंतू मेंदूतून स्वतंत्रपणे डोळ्याच्या पडद्याकडे जातो. दातांना संवेदना देणाऱ्या शाखा त्रिशाखी तंतूच्या असतात. दाढ ओढल्याने दृष्टीचा तंतू ओढला जात नाही. परंतु ज्या काळी रक्त थांबविण्याची साधने तुटपुंजी होती, जंतूंची कल्पना नव्हती आणि वेदना शमविण्याचा भरवशाचा उपाय नव्हता, त्या काळी वरच्या दाढेला हात न लावणे हे शहाणपणच होते. वाग्भटाच्या ग्रंथात दात उपटण्याच्या चार अंगुळे लांबीच्या खास यंत्राचे वर्णन आहे. म्हणजे आपल्या वैद्यांजवळ साधन होते. ते केव्हा उचलू नये याचाही विचार त्यांनी केला होता.

युरोपात हा संयम थोडा कमीच दिसतो. तेथे दात काढणे हे कित्येक शतके न्हाव्यांचे, लोहारांचे आणि जत्रेतील भटक्या लोकांचे काम होते. पॅरिसमधील पाँ नफ या पुलावर दात उपटणाऱ्यांचे खेळ भरत, आणि रोग्याची किंकाळी वाद्यांच्या गोंगाटात बुडून जाई. राजेही या छंदातून सुटले नाहीत. स्कॉटलंडचा चौथा जेम्स लोकांचे दात काढी आणि त्यासाठी घेण्याऐवजी उलट त्यांनाच पैसे देई. रशियाच्या पीटर बादशहाने स्वहस्ते काढलेल्या दातांचा संग्रह सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात ठेवलेला आहे. उलट, इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी दाढदुखीने हैराण असताही दात काढून घ्यावयास धजेना. तेव्हा, 1578 साली, लंडनचे बिशप जॉन एल्मर पुढे सरसावले. आपण म्हातारे आहोत आणि तोंडात फारसे दात उरलेले नाहीत, तरी राणीसाहेबांना धीर यावा म्हणून त्यांतला एक आपण देतो, असे म्हणून त्यांनी तिच्यादेखत आपला दात काढवून घेतला. त्यानंतर राणीने तोंड उघडले. राजनिष्ठेची याहून मोठी उदाहरणे इतिहासात असतील. इतकी दुखरी फार थोडी असतील.

या व्यवसायाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याला दिले जाते. 1728 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक साधी सूचना आहे, ती अशी की रोग्याला जमिनीवर न बसविता नीट आरामखुर्चीत बसवावे. तोवर रोग्याला खाली बसवून त्याचे डोके गुडघ्यांमध्ये दाबून धरण्याची रीत होती. दंतवैद्याच्या खुर्चीला आज लोक भितात. ती मुळात रोग्याच्या सोयीसाठी आली, हे विसरले जाते. दातात किडा असतो हा समज बाबिलोनपासून भारतापर्यंत सर्वत्र पसरलेला होता. फोशारने सूक्ष्मदर्शकातून शोध घेतला, त्याला किडा आढळला नाही, आणि तसे त्याने लिहून ठेवले. आपल्या बाजारांत मात्र दाढेतील किडा काढून दाखविणारे पुढेही दीर्घकाळ पोट भरीत राहिले.

हत्यारे सुधारावयाला आणखी शंभर वर्षे लागली. अठराव्या शतकात प्रचारात आलेली दातांची किल्ली ही खरोखरच दाराच्या किल्लीसारखी असे. तिचा आकडा दाढेला अडकवावयाचा, दांडा हिरडीवर टेकवावयाचा, आणि कुलूप उघडावे तशी मूठ फिरवावयाची. दाढ निघे, पुष्कळदा ती मधोमध मोडे, आणि कधी तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाची कपचीही येई. 1840च्या सुमारास लंडनच्या जॉन टोम्स याने प्रत्येक दाताच्या मानेचा आकार बारकाईने पाहिला आणि त्या त्या आकाराची तोंडे असलेले वेगवेगळे चिमटे घडवून घेतले. स्वयंपाकघरात पातेल्याची सांडशी आणि निखाऱ्याचा चिमटा एकच नसतो, इतकी ही उघड गोष्ट. पण ती कोणीतरी प्रथम ध्यानी घ्यावी लागते. टोम्सच्या चिमट्याने दाढ मोडणे कमी झाले. वेदना मात्र जशीच्या तशीच राहिली.

ती वेदना जाण्याचा मार्ग 1844 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानच्या हार्टफर्ड गावी उघडला. त्या गावात होरेस वेल्स नावाचा एकोणतीस वर्षांचा दंतवैद्य होता. मनुष्य हळवा, धार्मिक वृत्तीचा. रोग्यांच्या यातनांनी स्वतः कष्टी होणारा. 10 डिसेंबर रोजी गार्डनर कोल्टन याने तेथे हास्यवायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, जाहीर प्रयोग केला. करमणुकीचा कार्यक्रम होता तो. प्रेक्षकांपैकी जो इच्छील त्याने वायू हुंगावा, आणि मग त्याच्या उड्या, त्याचे हसणे-बडबडणे पाहून इतरांनी हसावे. सॅम्युएल कूली नावाचा एक तरुण वायू हुंगून धावपळ करताना बाकांवर आदळला आणि त्याच्या पायाला चांगलीच जखम झाली. जागेवर येऊन बसल्यावर वेल्सने त्याला विचारले, तेव्हा रक्त वाहत असताही त्याला काही जाणवले नव्हते.

सभागृहात हे अनेकांनी पाहिले. विचार एकाच्या डोक्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्टन वायूची पिशवी घेऊन वेल्सच्या दवाखान्यात आला. वेल्सची स्वतःचीच एक दाढ दुखत होती. जॉन रिग्ज या शेजारच्या दंतवैद्याला त्याने बोलाविले, स्वतः खुर्चीत बसला, आणि शुद्ध हरपेपर्यंत वायू हुंगला. इतका वायू करमणुकीच्या खेळात कोणी घेत नसे. मनुष्य पुन्हा जागा होईल की नाही, याची खात्री त्या खोलीत कोणालाच नव्हती. रिग्जने दाढ उपटली. वेल्स शुद्धीवर आला तो आनंदाने उद्गारतच, की टाचणी टोचल्याइतकेही दुखले नाही.

येथे एक जुना धागा जोडून घेतला पाहिजे. हास्यवायूने वेदना मंदावते हे इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने 1800 सालीच नमूद केले होते. अक्कलदाढेच्या सुजलेल्या हिरडीचे दुखणे वायू हुंगल्याने कमी झाल्याचा अनुभव त्याने स्वतः घेतला होता, आणि शस्त्रक्रियेत या वायूचा उपयोग व्हावा अशी सूचनाही केली होती. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे जगाने त्या वायूचा उपयोग हसण्यापुरता केला. तेवढ्या काळात किती लोकांनी शुद्धीवर असताना हातपाय कापून घेतले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

वेल्सने पुढील काही आठवड्यांत बारा-पंधरा रोग्यांवर प्रयोग केले आणि 1845च्या जानेवारीत तो बॉस्टनला गेला. तेथील विद्यार्थ्यांसमोर त्याने एकाची दाढ काढून दाखविण्याचे ठरविले. वायूची पिशवी थोडी लवकर दूर केली गेली, रोगी ओरडला, विद्यार्थ्यांनी हुर्यो उडविली आणि हा सारा बनाव आहे असा गिल्ला केला. आपल्याला फारसे दुखले नव्हते असे त्या रोग्याने मागाहून सांगितले, पण ते ऐकावयाला कोणी थांबले नव्हते. वेल्स हार्टफर्डला परतला, आजारी पडला, व्यवसायातून त्याचे मन उडाले.

त्याच बॉस्टनात त्याचा जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन होता. मॉर्टन कवळ्या बसवी, आणि त्यासाठी तोंडातील जुन्या दातांची मुळे आधी काढावी लागत. एवढ्या यातना सोसण्यापेक्षा लोक बोळके पसंत करीत. तेव्हा वेदनेचा प्रश्न त्याच्या दृष्टीने धंद्याचाही प्रश्न होता. 30 सप्टेंबर 1846 रोजी एबेन फ्रॉस्ट या संगीतशिक्षकाची दाढ त्याने ईथर हुंगवून काढली. पुढे दोनच आठवड्यांनी, 16 ऑक्टोबर रोजी, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टनने ईथर दिले, जॉन कॉलिन्स वॉरन या वृद्ध शस्त्रवैद्याने रोग्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली, आणि रोगी ओरडला नाही. त्याच डिसेंबरात लंडनमध्ये जेम्स रॉबिन्सन या दंतवैद्याने ईथर देऊन एका तरुणीची दाढ काढली. रॉबर्ट लिस्टनने ईथरखाली पाय कापला तो त्यानंतर दोन दिवसांनी. जॉर्जिया संस्थानातील क्रॉफर्ड लाँग या डॉक्टराने 1842 सालीच ईथर देऊन मानेवरची गाठ काढली होती, हे खरे. पण त्याने ते 1849 पर्यंत प्रसिद्ध केले नाही. भुलेची विद्या जगभर पसरली ती दाढेच्या पाठोपाठ.

पुढची कथा मनाला विषण्ण करणारी आहे. ईथरला रंग आणि सुवास देऊन, त्याला ‘लेथिऑन’ असे नाव ठेवून मॉर्टनने त्याचे पेटंट घेतले. चार्ल्स जॅक्सन या रसायनशास्त्रज्ञाने कल्पना आपली असल्याचा दावा मांडला. वेल्सच्या वतीनेही हक्क सांगितला गेला. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एक लाख डॉलर्सच्या बक्षिसाची चर्चा वर्षानुवर्षे चालली, आणि ते कोणालाच मिळाले नाही. वेल्स न्यूयॉर्कला येऊन नव्याने निघालेल्या क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करू लागला. त्या अंमलाखाली भ्रमिष्ट अवस्थेत त्याने रस्त्यात स्त्रियांच्या अंगावर ॲसिड फेकले. त्याला अटक झाली. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले हे त्याला कळले, आणि 24 जानेवारी 1848 रोजी त्याने तुरुंगातच आपले आयुष्य संपविले. तेहतीसच वर्षांचे वय. पॅरिसच्या वैद्यकसंस्थेने त्याचा अग्रमान मान्य केल्याचे पत्र त्याच्या मृत्यूनंतर पोचले. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने 1864 साली आणि तेथील वैद्यकसंघटनेने 1870 साली त्याला मान्यता दिली. हास्यवायूचे खेळ करणारा कोल्टन मात्र 1863 नंतर पुन्हा त्याच वायूकडे वळला; त्याने न्यूयॉर्कला दवाखाना काढून हजारो लोकांचे दात वेदनेवाचून काढविले, आणि ही कल्पना वेल्सची होती असे तो सांगत राहिला. खेळ करणाऱ्या माणसाने दाखविलेला हा प्रामाणिकपणा विद्वानांना साधला नाही.

दाढ काढण्यासाठी सारा माणूसच बेशुद्ध करण्याची गरज पुढे उरली नाही. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखविला. लगोलग न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेडने खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी कोकेन टोचून दातांची अख्खी ओळ बधिर केली. स्वतःवर केलेल्या प्रयोगांपायी हॉल्स्टेड त्या विषाच्या आहारी गेला; या विद्येने आपल्या उपकारकर्त्यांकडून फार मोठी किंमत घेतली आहे. 1905 साली व्यसन न लावणारे नोव्होकेन आले. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेनने 1943 साली तयार केलेले औषध आज भारतात लिग्नोकेन या नावाने परिचित आहे. दंतवैद्याच्या पिचकारीत बहुधा तेच असते.

आपल्या देशात या विद्येची रीतसर शाळा काढली ती डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी, 1920 साली कलकत्त्यात. अमेरिकेत शिकून आलेल्या या गृहस्थांनी त्या शाळेचा आरंभीचा खर्च आपल्या आइसक्रीमच्या दुकानाच्या उत्पन्नातून भागविला. दातांच्या वैद्याने आइसक्रीम विकावे यातला विनोद त्यांच्याही लक्षात आला असेल. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय 1933 साली निघाले, आणि 1948च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी देशभर सक्तीची झाली.

तेव्हा आज या खुर्चीत बसणाऱ्याच्या वाट्याला काय येते? प्रथम प्रश्न येतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे काय, पूर्वी एखाद्या औषधाने त्रास झाला होता काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय. या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. ती गोळी आपल्या मनाने बंद करून जाणे हे तर धोक्याचे. उपाशीपोटी जाण्याचे कारण नसते, उलट थोडे खाऊन गेलेले बरे. मग क्ष-किरणांनी मुळांचे चित्र घेतले जाते, कारण वरच्या दाढेला साधारणतः तीन व खालच्या दाढेला दोन मुळे असतात, आणि ती कोणत्या दिशेला वळली आहेत हे आधी कळलेले बरे. त्यानंतर सुई. खरे टोचणे काय ते एवढेच. पाच-दहा मिनिटांत ओठ जड होतो, सुजल्यासारखा वाटतो, आरशात पाहावे तर जागच्या जागी असतो. हिरडीत पू साचला असेल तर हे औषध नीट चढत नाही, कारण त्या जागी आम्लता वाढलेली असते. म्हणून डॉक्टर कधी सुई थोडी दूर टोचतात, कधी आधी औषधे देऊन दोन-चार दिवस थांबवितात. या विलंबाला टाळाटाळ समजू नये.

नंतर जे होते त्याने मनुष्य दचकतो, आणि ते आधी ठाऊक असावे. औषधाने वेदना जाते, दाब जात नाही. दाढ हाडाच्या खोबणीत सूक्ष्म तंतूंनी बांधलेली असते. डॉक्टर ती सरळ ओढत नाहीत, तर पहारीने दगड सैल करावा तशी बाजूंना झुलवून खोबण रुंदावतात. जबड्यावर जोर येतो. करकर असा आवाज होतो, आणि तो हाडातून थेट कानात पोचत असल्याने प्रत्यक्षाहून मोठा वाटतो. ही दुखण्याची खूण नव्हे. खरोखरच टोचले किंवा दुखले तर हात वर करावा. आणखी औषध देता येते. मूळ मोडले तर हिरडी थोडी उघडून दाढेचे तुकडे करून ते काढतात आणि एखादा टाका घालतात. त्यानेही घाबरण्याचे कारण नाही.

दाढ निघाल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेची खरी मलमपट्टी. म्हणून दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. दिवसभर थुंकी तांबूस दिसली तरी थुंकत बसू नये, पहिल्या चोवीस तासांत खळखळून चूळ भरू नये, नळीने पेय ओढू नये. बधिरता उतरेपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, ओठ-गाल चावले जाणार नाहीत अशी काळजी घ्यावी. मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. विडी, तंबाखू आणि मशेरी यांची सवय ज्यांना आहे त्यांनी निदान काही दिवस तरी ती आवरावी. गुठळी निघून गेली तर दोन ते चार दिवसांनी हाड उघडे पडून असा ठणका लागतो की मूळची दाढदुखी बरी होती असे वाटावे. तसे झाल्यास लवंगेच्या तेलाने घरी दिवस न काढता पुन्हा दवाखाना गाठावा. डॉक्टर खोबण धुऊन तीत औषध भरतात, आणि त्या औषधालाही बहुधा लवंगेचाच वास येतो. ताप चढला, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे वाढू लागली, गिळणे जड झाले किंवा रक्त थांबेना, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा भराव्यात. दोन-तीन आठवड्यांत हिरडी मिटत येते. आतील हाड भरून यावयाला काही महिने लागतात, आणि ते काम तोंडात काही जाणवू न देता चालते. जीभ तेवढी पहिले काही दिवस राहून राहून त्या मोकळ्या जागेशी जाते.